नागपुरात घराला रंग देताना: दर ऐकण्याआधी टेप काढा

बेसा भागातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ५८० चौरस फूट. रंगाचं काढलं तेव्हा तीन पेंटर घर बघून गेले. पहिला म्हणाला, सामानासकट १४ रुपये फूट, म्हणजे चौरस फूट. दुसऱ्याने तसेच साडेपंधरा सांगितले. तिसऱ्याने हॉलच्या दारातूनच नजर फिरवली आणि म्हणाला, "पूर्ण घराचे बावीस हजार द्या भाऊ, टेन्शनच घेऊ नका."

पहिल्यांदा रंगकाम करून घेणारा माणूस तिसऱ्याला हो म्हणतो, आणि जरा सावध असेल तर पहिल्याला. मीही पहिल्याला फोन लावायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, आधी कागदावर मांडून तर बघा. मांडलं, तर साडेपंधरावाला चौदावाल्यापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त निघाला. कसा, ते खाली येईलच. हा लेख अशांसाठी, ज्यांना दर ऐकू येतो पण तो कशाचा दर आहे हे कळत नाही.

पेंटरला बोलावण्याआधी स्वतः भिंती बघा

अर्धा तास काढा, हातात टॉर्च घ्या. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकला की सगळे खड्डे, उंचवटे, जुन्या पुट्टीचे (रंगाआधी भिंत सपाट करायला लावतात तो लेप) पापुद्रे उघडे पडतात. दिवसाच्या उजेडात हेच काही दिसत नाही. मग तळहात भिंतीवर घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर खरवडल्याशिवाय त्यावर काहीच टिकणार नाही. नवीन रंग त्या भुकटीला धरून बसेल आणि भुकटीसकट खाली येईल.

नागपूरच्या घरांत एक भिंत वेगळी मोजावी लागते, ती म्हणजे कूलरच्या खिडकीखालची. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तिथे रोज पाणी झिरपतं, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारही सोबत येतात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा खार फुटतो, पुट्टी फुगते, रंगाच्या खपल्या निघतात. आधीच्या त्रिमूर्तीनगरच्या घरात मी हीच चूक केली. पेंटरने त्या खारावरच पुट्टीचा एक हात ओढला, वर छान पिस्ता रंग मारला, आणि मी खूश होऊन पैसे दिले. पुढच्या जूनमध्ये तिथे हाताएवढी खपली लोंबत होती. पेंटरला दोष दिला खरा, पण मीही त्याला "लवकर उरका" म्हणत होतोच.

या भिंतीचा योग्य क्रम असा: कूलरच्या टाकीची आणि स्टँडची गळती बंद करायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, खार कोरड्या ब्रशने काढायचा, सैल गिलावा (आपल्याकडे जिला छपाई म्हणतात ती) फोडून नवीन भरायचा, आणि मगच पुट्टी. हे काम रंगाच्या चौरस फुटात बसत नाही. त्याचा दर वेगळा विचारा, वेगळा लिहा. जो पेंटर ही भिंत पाहून स्वतःहून म्हणतो, "इथे आधी पाण्याचं बघा, नाहीतर माझं नाव खराब होते," त्याला मी दोन रुपये जास्त देईन.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबकडेही पाहा. छताला तपकिरी डाग असेल तर तो रंगाचा प्रश्न नाही, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. महाल, इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या पुताईचे थर असतात. तिथे खरवडण्यातच निम्मे दिवस जातात, त्यामुळे फ्लॅटचा दर त्या घराला लावू नका.

दारं, ग्रिल किंवा भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर खूप जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं. पाणी लावून घासायला सांगा आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

मग टेप

एक खोली मोजून दाखवतो. १० बाय १२ फुटांची खोली, उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले उंची १०, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. छत १२०. एकूण ५६०. त्यातून ३ बाय ७ चं दार २१ फूट आणि ४ बाय ४ ची खिडकी १६ फूट वजा केली की ५२३. झालं. सगळ्या खोल्यांचं असं करायला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही.

आता भानगड इथे आहे. पहिल्या पेंटरने टेप काढलाच नव्हता. "कार्पेट गुणिले साडेचार" असा त्याचा हिशेब, म्हणजे सुमारे २,६०० फूट. दुसऱ्याने मोजलं तेव्हा २,१८० भरले, आणि मी मोजले तेव्हाही तेवढेच. मधले ४२० फूट कुठले? स्वयंपाकघर आणि बाथरूममधल्या टाइल्स, भिंतीत बसवलेल्या कपाटांमागची जागा, दारं-खिडक्या. म्हणजे जिथे ब्रश लागणारच नव्हता तिथले पैसे. १४ गुणिले २,६०० केले तर ३६,४०० होतात. साडेपंधरा गुणिले २,१८० केले तर ३३,७९०.

कार्पेटवरून अंदाज काढणं हा गुन्हा नाही. फोनवर विचारलं तर कुणीही साडेतीनपट, चारपट असाच आकडा सांगेल. पण करार त्यावर करू नका. "अंदाज ठीक आहे, बिल टेपच्या मापाने" एवढं एक वाक्य आधी बोलून ठेवा.

वजावटीबद्दलही आधीच बोला. बांधकामाच्या मापांसाठी जी भारतीय मानकं आहेत, त्यांत अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्यासारख्या छोट्या उघड्या जागांची वजावट करत नाहीत, कारण त्यांच्या कडा रंगवायला मेहनत पडतेच. पेंटर म्हणाला की खिडकीच्या आतल्या कडा मी रंगवतो, म्हणून खिडकी वजा नको, तर त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मोठ्या दाराबाबत मात्र तेच म्हणाला तर दाराच्या पॉलिशचे पैसे वेगळे घेतोय का ते विचारा. जुने मिस्त्री कधी ब्रासमध्ये बोलतात. क्षेत्रफळात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ग्रिल, पाइप आणि पट्टे रनिंग फुटावर (म्हणजे नुसत्या लांबीवर), दारं नगावर.

फुटामागे किती हात?

दराची खरी चावी इथे आहे. "पुट्टी, प्रायमर, कलर सगळं येते त्यात" हे उत्तर घेऊन थांबू नका. प्रत्येकाचे हात, म्हणजे थर किती, ते विचारा.

नवीन भिंत असेल तर पुट्टीचे दोन हात, घासाई, प्रायमरचा (रंग नीट धरावा म्हणून त्याच्याखाली लावतात तो) एक हात, मग रंगाचे दोन हात, हा सर्वसाधारण क्रम. छपाई नवी असेल तर तिला २८ दिवस तरी द्या. आधीच रंगवलेली, धडधाकट भिंत असेल तर पूर्ण पुट्टीची गरज नसते. तडे आणि खड्डे भरणे, घासणे, एक हात प्रायमर, दोन हात रंग एवढं पुरतं. या दोन कामांच्या दरात मोठा फरक असतो, आणि सगळ्यांत जास्त फसवणूक याच फरकात होते: दर पूर्ण पुट्टीचा, काम टचअपचं.

उलटही होतं. भिंत चांगली असताना "पूर्ण पुट्टी करावीच लागेल" असं म्हणून बिल फुगवतात. म्हणून टॉर्चवाला अर्धा तास सांगितला.

रंगाचा प्रकार नावानिशी विचारा. डिस्टेंपर (स्वस्तातला रंग), साधं इमल्शन (त्यावरच्या दर्जाचा, ज्याला प्लास्टिक पेंटही म्हणतात) आणि धुता येणारं महागडं इमल्शन यांच्या लिटरच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. एशियन, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स, कुठलीही कंपनी घ्या, प्रत्येकीचे पाच-सहा दर्जे आहेत. त्यामुळे "एशियनचा मारतो" याला काही अर्थ नाही. डब्यावरचं पूर्ण नाव हवं. गडद रंगाचा मोह असेल तर त्याचा खर्चही ऐकून ठेवा: गडद छटेचा बेस (ज्यात दुकानात छटा मिसळतात तो मूळ रंग) महाग पडतो, आणि लाल-पिवळ्याला कधीकधी तिसरा हात लागतो.

सामान कोणाचं?

नवख्या माणसाने सामान स्वतः आणावं आणि पेंटरशी फक्त मजुरीचा ठेका करावा, असं माझं मत. कटकट वाढते हे खरं, दोन-तीनदा दुकानात जावं लागतं. पण कोणता डबा घरात आला हे तुम्हाला माहीत असतं. सीलबंद डबा घ्या, पक्कं बिल घ्या. एकाच छटेचे डबे एकाच वेळी बनवून घ्या, कारण नंतरच्या डब्याची छटा अगदी तशीच येईल याची खात्री नसते. मशीनवर रंग मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून हिशेब करूनच आणा.

किती लागेल? दोन हातांना लिटरमागे साधारण १०० ते १४० चौरस फूट होतात. भिंत जितकी खडबडीत तितके कमी. पुट्टीची बॅग ४० किलोची येते.

आता एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही पण सगळ्यांना ठाऊक असते. पुट्टीच्या बॅगेत आणि बऱ्याच कंपन्यांच्या डब्यांवर पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. काही दुकानदारही पेंटरला त्याच्या गिऱ्हाइकामागे काही देतात. एखादा पेंटर ठरावीक कंपनीचाच आग्रह का धरतो, याचं अर्धं उत्तर त्यात आहे. उरलेलं अर्धं उत्तर असं, की त्या मालावर त्याचा हात बसलेला असतो. तो अनुभव फुकट घालवू नका. मी टोकन पेंटरलाच देतो आणि तसं आधी सांगतो. त्याचे चार पैसे होतात आणि दोन बॅगा जास्त मागवायच्या का, हे मी ठरवतो.

आता दर रास्त आहे का ते काढा

आमच्या घराचा हिशेब देतो. हे माझे आकडे आहेत. तुमच्या दिवसाचे भाव दुकानातून आणि पेंटरकडून घ्या, रीत तीच.

भिंती १,६०० फूट, छत ५८०. भिंतीला साधं इमल्शन १४ लिटर, २८० रुपयांनी ३,९२०. छताला पांढरा ५ लिटर, १७० ने ८५०. प्रायमर २० लिटर, १२० ने २,४००. पुट्टी टचअपला दोन बॅगा, १,८००. पॉलिश पेपर, रोलर, टेप, फरशीवर टाकायचं प्लास्टिक असं किरकोळ १,२००. सामान झालं १०,१७०.

मजुरी: ८०० रुपये रोजाचे दोन पेंटर आणि ५५० चा एक हेल्पर, म्हणजे दिवसाला २,१५०. आठ दिवसांचे १७,२००.

दोन्ही मिळून २७,३७०. हा ठेकेदाराचा उघडा खर्च. साडेपंधराच्या दराने तो ३३,७९० मागत होता, म्हणजे वर ६,४२०, साधारण साडेतेवीस टक्के. त्यात त्याची गाडी, शिडी-घोडी, एखादा फुकट गेलेला दिवस, नंतर टचअपला मारलेली चक्कर आणि कमाई. मला ते रास्त वाटलं. थोडं बोलून १५ रुपयांवर, ३२,७०० ला ठरवलं.

आता बावीस हजारवाल्याकडे बघा. सामान आणि रोजी मिळूनच २७ हजारांच्या वर जातात. मग हे सव्वापाच हजार तो कुठून काढणार? प्रायमर गाळून, रंगात डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त पाणी ओतून, दुसरा हात फक्त समोरच्या भिंतीला मारून, नाहीतर हेल्परची रोजी मारून. किंवा चौथ्या दिवशी "भाऊ, सामान वाढलं" म्हणून. माझ्या एका शेजाऱ्याकडे असंच झालं. बावीसचे एकतीस झाले आणि निम्मी गॅलरी राहिली ती राहिलीच.

तुमच्या हिशेबापेक्षा कुणाचा आकडा बराच वर असेल तरी लगेच लुटारू म्हणू नका. विचारा की दिवस किती धरले, माणसं किती. कंपन्यांच्या सेवा घेतल्या तर घासाईला धूळ ओढणारं मशीन येतं, सामान झाकून देतात, वॉरंटीचा कागद मिळतो, आणि दर चढा असतो. घरात दम्याचा पेशंट असेल तर तो चढा दरही परवडतो.

बाहेरच्या भिंतींचं गणित वेगळंच. तिथे परांची किंवा झुल्याचा खर्च वर येतो. झुल्यावर माणूस चढवायचा तर सेफ्टी बेल्ट आणि दोर कुणाचा, हे दर ठरवण्याआधी विचारा.

केव्हा बोलवायचं

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत नागपुरात चांगला पेंटर हाती लागणं म्हणजे नशीब. त्या तीन आठवड्यांत दर चढतो आणि एकच टोळी चार घरी अर्धा-अर्धा दिवस फिरते. बरेच कारागीर बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडचे असतात. सणाला ते गावी निघाले की तुमचा दुसरा हात दिवाळीनंतर. पावसाळ्यात दर थोडा नरम असतो, पण भिंत वाळायला वेळ लागतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पुट्टी इतकी भराभर सुकते की पट्टी फिरवायलाही सवड मिळत नाही, आणि वर कूलर चालू. नोव्हेंबरची गर्दी ओसरल्यावर, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी, कारागीर मोकळे. घासाघीस करायची तर त्या दिवसांत करा.

एखादी खोली किंवा कंपाउंडची भिंतच करायची असेल तर सकाळी मजुरांच्या ठिय्यावरून हजेरीवर (रोजंदारीवर) माणूस आणता येतो. पण हजेरीच्या कामावर घरचं कुणीतरी दिवसभर उभं राहायला हवं. पूर्ण घरासाठी नवख्याने त्या फंदात पडू नये.

घासाघीस कशावर करायची तेही सांगतो. हात कमी करून दर पाडू नका. सामान हलवायचं काम स्वतःकडे घ्या, पंखे-पडदे स्वतः काढा, दारांचं पॉलिश पुढच्या वर्षावर टाका, सगळीकडे एकच छटा ठेवा. यात पेंटरचा वेळ खरोखर वाचतो, म्हणून तो दर खरोखर उतरवतो.

लिहून घ्या, पैसे टप्प्याने द्या

स्टँप पेपर नको. व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरे, आणि समोरून "ओके भाऊ" आलं पाहिजे. त्यात एवढं असावं: एकूण माप, दर, प्रत्येक खोलीत पुट्टी-प्रायमर-रंगाचे किती हात, रंगाचं पूर्ण नाव, सामान कुणाचं, किती दिवस, रोज सफाई कोण करणार. आणि वाढीव कामाचे दर, कारण ग्रिल, दार, तड्यातली भर हे सगळं चौथ्या दिवशी उगवतं.

पैशाचं आम्ही असं ठेवलं: सुरुवातीला १५ टक्के, पुट्टी-प्रायमर झाल्यावर ३०, पहिल्या हातानंतर ३०, काम संपल्यावर १५ आणि उरलेले १० टक्के आठवड्याने. सामान ठेकेदाराचं असेल तर बयाणा थोडा जास्त मागेल, ते समजून घ्या, पण निम्म्यावर जाऊ नका. शेवटचे दहा टक्के अडवून ठेवायची युक्ती म्हणून वापरू नका. आठवड्याने रात्री ट्यूबलाइट लावून भिंती बघा, डाग दाखवा, त्याने टचअप केला की त्याच उभ्या पायावर पैसे द्या. नागपूर मोठं असलं तरी पेंटरांचं जग लहान आहे. पैसे लटकवणारं घर कोणतं, हे त्यांच्यात बरोबर कळतं.

काम चालू असताना

रोज बसून राहायची गरज नाही. तीन वेळा मात्र हजर राहा. पुट्टी घासून झाल्यावर, प्रायमर लावण्याआधी: टॉर्च पुन्हा आडवा धरा, खड्डे आत्ताच दाखवा, रंगानंतर दाखवून उपयोग नाही. डबा उघडताना: पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, ते मापानेच घालायला सांगा. आणि दुसऱ्या हाताच्या आधी: पहिला हात वाळल्यावर प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. दोन्ही हात एकाच दुपारी उरकले जात असतील तर काम थांबवा.

दुपारी चहा द्या, पिण्याचं थंड पाणी ठेवा. याचा हिशेबाशी संबंध नाही, पण मे महिन्यात बंद खोलीत घासाई करणाऱ्या माणसाकडे एकदा बघा म्हणजे समजेल.

शेवटी उरलेला रंग फेकू देऊ नका. अर्धा लिटर छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, झाकणावर छटेचा नंबर, कंपनी, बेस आणि तारीख मार्करने लिहा, आणि तोच नंबर मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूलाही. जूनमध्ये कूलर उतरवताना खिडकीखाली तो डबा लागतोच.